मातीतला धाकटा आणि मॅटवरचा मी

मंद्रूपच्या स्टँडवर मला सोलापूरला जाणाऱ्या वडापच्या जीपमध्ये बसवायला सगळं घर आलं होतं. अव्वाने, म्हणजे आईने, कडक भाकरी आणि शेंगाचटणी फडक्यात बांधून दिली होती आणि जीपवाला माझी पत्र्याची पेटी टपावर चढवत होता. अप्पा बोलत होते माझ्याशी, पण त्यांचा हात होता धाकट्या भावाच्या, शरणूच्या मानेवर. तो तालमीतून तसाच आला होता, अंगावर लाल माती. "तुला मातीत घालून उपेग न्हाय," अप्पा म्हणाले. "तू शाळा शिक. कुस्ती ह्यो खेळंल." जीप निघाली तेव्हा अव्वा डोळ्याला पदर लावत होती म्हणे. मी मात्र तो हातच बघत होतो.

गावात राहिलेल्या तुम्हा लोकांना वाटतं की सोलापूरला गेलेला सुटला, त्याला नळाचं पाणी आणि पंख्याखालची नोकरी मिळाली. शरणूलाही तसंच वाटत असेल. पण खरं सांगतो, जळत मीच आलोय. शुक्रवार पेठेत मामाकडे माळ्यावर झोपायचो तेव्हा मनात हिशेब चालायचा, की आता अप्पा त्याला दूध देत असतील, आता जत्रेतल्या कुस्तीच्या फडावर घेऊन जात असतील. पुढं कॉलेजच्या ऑफिसात क्लार्क झालो, लग्न झालं, जुळे सोलापुरात फ्लॅट घेतला. तरी फोन लावला की अप्पांचं एकच, शरणूनं हे केलं, शरणूनं ते केलं. शेत त्याच्याकडे आहे म्हणून मला कधी वाईट वाटलं नाही. रोज सकाळी अप्पा त्याच्या शेजारी बसून चहा पितात, हे मला सोसत नाही. आणि तुमच्यातले जे माझ्यासारखे पुण्याला, बंगळूरला गेलेत, त्यांनी आपापल्या घरचा असा एक धाकटा आठवून बघावा.

तायक्वांदो माझ्या आयुष्यात आलं ते लेकीमुळे आणि डॉक्टरांमुळे. श्रेयाला क्लासला सोडायचो आणि बाहेर गाडीवर बसून मोबाईल बघायचो. डॉक्टरांनी शुगरचा रिपोर्ट बघून दम दिला, तेव्हा तिच्या मॅडम म्हणाल्या, "काका, बाहेर बसण्यापेक्षा आत या की." मॅडम वयाने माझ्या पुतणीएवढ्या. माझ्या मापाचा दोबोक, म्हणजे तायक्वांदोचा पांढरा पोशाख, मिळेपर्यंत मी पायजम्यावरच उभा राहायचो, पांढऱ्या पट्ट्याच्या पोरांच्या रांगेत शेवटी, कारण उंचीने मीच जास्त.

पहिल्या दिवशी माझ्याकडून गंमतच झाली. मॅटवर पाय ठेवण्याआधी मी खाली वाकलो, मॅटला हात लावला आणि तो कपाळाला लावला. तालमीत सगळे पैलवान आखाड्यात उतरताना तसंच करायचे. मी कधी उतरलो नव्हतो, दारातूनच बघायचो, पण हाताला ते पाठ होतं. पोरं खिदळली. मॅडम म्हणाल्या, "इथं कमरेतून वाकायचं, काका. हात मांडीला लावून." मी तसं वाकलो. पण खरं सांगू का, ते मातीच्या पाया पडल्यासारखं वाकणं मला फार आवडलं होतं.

शिकताना हाल झाले. नुसतं एका पायावर उभं राहायचं तर भिंत लागायची. गोल फिरवून मारायच्या लाथेला दोल्यो चागी म्हणतात, ती मारताना माझा पाय गुडघ्याच्या वर जाईना. मॅडम एकच ओरडायच्या, "टाच वळवा, काका, टाच." जमिनीवरच्या पायाची टाच वळली तरच वरचा पाय मोकळा होतो. हे कळायला मला पावसाळा आणि दिवाळी दोन्ही गेले. पण शुगर उतरली. झोप लागायला लागली. ऑफिसात प्राचार्य खेकसले तरी छातीत धडधड होईना. आणि पँट घालताना आता मला पलंगावर बसावं लागत नाही, याचं बायकोला फार कौतुक. मी दोबोकमधला फोटो घरच्या ग्रुपवर टाकला. शरणूने लिहिलं, "अण्णा, कुठल्या दवाखान्यात कंपाउंडर लागलास?" त्या आठवड्यात फोन लावला तर अप्पा शरणूचंच सांगत होते.

यंदा जानेवारीत सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेला अप्पा आणि शरणू दोघं माझ्याकडे उतरले. श्रेयाने हट्ट करून त्यांना क्लासला आणलं. मला नको होतं. या शहरात एवढी एकच जागा होती जिथं शरणू नव्हता. झालं तसंच. मॅडमनी त्याचे खांदे बघितले आणि म्हणाल्या, "तुम्ही पण ट्राय करा की." शरणूने पॅडवर असा ठोसा दिला की पॅड धरणारा पोरगा मागे सरकला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अप्पांनी धोतराचा सोगा सावरून सगळीकडे बघितलं, हा माझा, अशा नजरेनं. वाटलं, पट्टा सोडावा आणि घरी जावं.

मग मॅडमनी त्याला लाथ मारायला सांगितली. लहानपणापासून त्याला एकच शिकवलेलं, पाय मातीत रोवायचा, सुटू द्यायचा नाही. त्याने खालचा पाय रोवूनच वरचा उचलला आणि धप्पदिशी मॅटवर बसला. लागलं नाही, तोही हसला. पुढचा नंबर माझा होता. मी टाच वळवली, पाय छातीएवढा गेला, पॅडचा आवाज झाला आणि मी उभाच होतो.

अप्पा बाकावरून उठले. चप्पल काढून, मॅटला हात लावून, तो कपाळाला लावून आत आले. या वेळी कुणी हसलं नाही. "तू पडत न्हाईस ते कसं रं?" त्यांनी विचारलं. "खालचा पाय कसा फिरिवतोस? दाव की मला." माझा खांदा धरून म्हातारा टाच वळवायला लागला. जन्मात पहिल्यांदा ते मला अंगाच्या कसबाबद्दल काही विचारत होते. मी त्यांच्या डोक्यावरून शरणूकडे बघितलं. तो आमच्याकडे बघत होता, आणि ती नजर मला आरशात बघावी इतकी ओळखीची होती. मला त्याची दया आली नाही. बरं वाटलं.

परवा त्याचा फोन आला. "तुजंच नाव घेतंय म्हातारं. सोप्यात टाच फिरवतंय दिसभर. लई झालं आता," म्हणाला, आणि आवाजात खरोखरच कुरबुर होती. इतकी वर्षं मी मंद्रूपला गेलो की गादी घालायचे, पहिलं ताट मला वाढायचे, आणि माझा हेवा कुणी करायचं नाही. पाहुण्याचा कोण करतो? शरणू फोनवर बराच वेळ तक्रार करत राहिला आणि मी ऐकत राहिलो. मला घरी आल्यासारखं वाटत होतं.