महानंदाबाईंची बंद मूठ

कुणी कसलंही गाऱ्हाणं घेऊन आलं की महानंदाबाईंचा एकच प्रश्न असायचा, "बरं, मग त्याला काय मिळालं?" शेजारीण म्हणायची, पोरगं लय हट्टी झालंय, दुकानासमोर लोळण घेतंय. बाई विचारायच्या, "अन् लोळल्यावर काय मिळालं?" शेजारीण ओशाळायची. "चारचौघांत शोभा नको म्हणून दिली गोळी घेऊन." "मग ते हट्टी न्हाई. तुमीच त्याला लोळायला शिकवायलात." शेजारीण चार दिवस बोलायची नाही. बाईंना त्याचं काही वाटायचं नाही.

परभणीच्या बी.एड. कॉलेजात त्या आम्हाला मानसशास्त्र शिकवायच्या. प्रबलन, विलोपन, सामान्यीकरण असले शब्द आम्ही परीक्षेसाठी पोपटासारखे घोकायचो. बाई चिडायच्या. "हट्टी, आळशी, खुळं ही नुसती नावं झाली. नावानं माणूस कळत न्हाई. त्यानं केलं काय, त्याच्या आधी काय झालं, नंतर काय मिळालं, ते सांगा." उत्तरात कुणी 'खुळा मुलगा' असं लिहिलं की त्या प्रश्नाला भोपळा ठरलेला.

मी पूर्णेची, रेल्वेतल्या गँगमनची पोर, आमचं घर बौद्ध. परभणीत खोली शोधायला निघाले तर लोक भाडं सांगायच्या आधी आडनाव विचारायचे, आणि आडनाव ऐकलं की खोली कालच गेलेली असायची. बाईंनी विचारलं, "भाकरी थापता येती का? मला मेलं धड जमत न्हाई." आणि मागची खोली दिली. त्या स्वतः लिंगायत, गळ्यात लिंग, सकाळची पूजा कधी चुकायची नाही. नातलगांनी नाकं मुरडली. बाई म्हणाल्या, "मुरडू दे. आपण बघितलंच न्हाई तर किती दिवस मुरडतील? ह्यालाच विलोपन म्हणतेत. परीक्षेला हाय, लक्षात ठेव."

बसू त्यांचा एकुलता एक. सहा वर्षांचा झाला तरी बोलत नव्हता, मनासारखं झालं नाही की स्वतःचाच हात चावायचा. बाईंचे यजमान नोकरीनिमित्त बाहेरगावी. संध्याकाळी बाई लेकासमोर मांडी घालून बसायच्या, मुठीत गुळाचा खडा धरून. "बसू, ताई कुठं हाय?" ताई म्हणजे मी, मागच्या खोलीत. आधी त्याने माझ्या दाराकडे नुसतं बघितलं तरी गूळ. मग हात उचलला तर. मग बोट केलं तरच. आणि एक दिवस अहो, त्याने खरंच बोट केलं! मी आनंदाने टाळ्याच वाजवल्या. पण बाई खूश नव्हत्या. त्यांनी विचारलं आणि मूठ समोर दिसली तरच तो बोट करायचा. शेजारणीने तेच विचारलं की ढिम्म. "हे काय शिकणं झालं?" बाई म्हणायच्या. "मला एकटीला उत्तर देतंय. मी मेल्यावर?"

त्या वर्षी पावसाळ्यात विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि मराठवाडा पेटला. आमच्या लोकांच्या वस्त्या जाळल्याच्या बातम्या येऊ लागल्या. गाड्या बंद. आई-बाबा पूर्णेला जिवंत आहेत की नाहीत, मला कळायला मार्ग नव्हता. बाईंनी मला सांगून ठेवलं, "खोलीच्या बाहेर यायचं न्हाई." बसूचा धडा मात्र चालूच होता. "आपण घाबरलो हे त्याला कळाया नगं."

आणि धडा चालू असतानाच पोरं दारात आली. मी आतून कडी घातली आणि फटीला डोळा लावला. पुढचा गल्लीतलाच, ओळखीचा.

"बाई, ती पूर्णेची पोरगी हाय का घरात?"

"न्हाई. गाड्या बंद व्हायच्या आधीच गेली गावाला."

तो आत आला, बसूसमोर उकिडवा बसला आणि लाडाने म्हणाला, "बसू, ताई कुठं हाय रं?"

आम्ही महिनोन् महिने घोटून घेतलेला प्रश्न तो हाच. बाईंची मूठ अजून मिटलेली होती आणि बसू त्या मुठीकडे बघत होता. त्याचा हात मांडीवरून उचलला गेला. तेवढ्यात बाईंनी मूठ उघडली आणि गुळाचा खडा स्वतःच्याच तोंडात टाकला.

बसूने एकदम भोकाड पसरलं आणि हात चावायला सुरुवात केली. तो पोरगा दचकून मागे सरला.

"खुळंच हाय की हे."

"होय बाबा," बाई म्हणाल्या, "खुळंच हाय."

ते गेल्यावरही मी बराच वेळ कडी काढू शकले नाही. बाहेर आले तेव्हा बाई बसूच्या हातावर हळद दाबत होत्या. "त्यानं विचारलं तवा मी देवाला काय म्हणले ठाव हाय का? म्हणले, ह्याला उत्तर येऊ देऊ नगंस. आई असून असं मागितलं गं मी." मी त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडले.

आई-बाबा सुखरूप निघाले. गाड्या सुरू झाल्या, कॉलेज उघडलं, पण वाद काही मिटला नव्हता. सायकलची घंटी वाजली तरी मी आतून कडी घालायचे. दिवाळीच्या सुमाराला एकदा भाजीवाली टोपली उतरवता उतरवता सहज म्हणाली, "बसू, ताई कुठं हाय रं?" बाई तेव्हा निवडायला डाळ घेऊन बसल्या होत्या, दोन्ही हात डाळीत. बसूने भाजीवालीकडे बघितलं आणि सरळ माझ्या दाराकडे बोट केलं.

बाईंनी सूप टाकलं, धावत जाऊन गूळ आणला, लेकाला छातीशी धरलं. "शिकलं गं माझं लेकरू!" त्या हसत होत्या, रडत होत्या. भाजीवालीला काही कळेना. ती गेल्यावर बाई माझ्याकडे वळल्या. चेहरा उतरला होता.

"सुजाता," त्या म्हणाल्या, "आता कुणीबी विचारलं तर हा सांगंल. तू हितं राहू नगंस, पोरी."

मी ट्रंक भरायला घेतली. बसू दारात उभा राहून माझ्याकडे पुन्हा पुन्हा बोट करत होता, आणि बाई डोळे पुसत दर वेळी त्याच्या हातावर गूळ ठेवत होत्या.