एका वळूच्या मुली आणि वसुधाअक्का

वसुधाअक्का माने मला पहिल्यांदा भेटल्या त्या यशवंतपूर स्टेशनवर. मी बेळगावहून पीएचडीसाठी आले होते. मार्गदर्शक बाई स्वतः न्यायला येतील असे स्वप्नातही वाटले नव्हते. हातातली बॅग घेत त्यांनी विचारले, "स्वल्प तरी झोपलीस का ग?" अक्कांचे घराणे पिढ्यान् पिढ्या बेंगळुरूचे, मराठीत कन्नड कधी शिरते ते त्यांना कळतही नाही.

जनावरांच्या जनुकांतले बारीक फरक आणि त्यांचे दूध, वजन यांचा संबंध संख्याशास्त्राने लावणे हे अक्कांचे आयुष्यभराचे काम. तेव्हा त्यांना गाईंच्या जनुकांत एक खूण सापडली होती. ती असलेल्या गाईंच्या दुधाला फॅट जास्त. शोधनिबंध गाजला. माझा सारा प्रबंध त्या खुणेवरच उभा होता, आणि खूण नसलेल्या कालवडी विकून टाकायचेही घाटत होते.

अशात अक्का मला घेऊन गोठ्यावर गेल्या. एका बाजूच्या गाईंपुढे दुधाची फॅट वाढवणारी सरकी जास्त पडत होती. का, तर त्या एका नामांकित वळूच्या मुली, म्हणून त्यांची बडदास्त निराळी. खूण असलेल्या गाई बहुतेक त्याच! नात्यागोत्याची वजावट आकडेमोडीत करायची असते. आमची कमी पडली होती. परतताना रिक्षात अक्का म्हणाल्या, "आम्हां मान्यांची नाकं बाकदार आणि सगळ्यांना सार झणझणीतच लागतं. म्हणून नाकामुळे तिखट खातो म्हणायचं का? आपण घराणं मोजलं ग, जनुक नाही."

मला त्यांचा रागच आला. कोणी विचारले नव्हते, गप्प बसता आले असते. पण अक्कांनी भरसभेत शोधनिबंध मागे घेतला आणि म्हणाल्या, "चूक माझी आहे, या मुलीची नाही." कालवडी राहिल्या. माझा प्रबंध मात्र गेला.

शिष्यवृत्ती संपत आली तेव्हा अक्कांनी मला कोरमंगलाच्या पीजीतून के. आर. पुरमच्या आपल्या घरी आणले. "सरी, ठीक आहे, आता नात्यापासूनच सुरुवात करू," म्हणाल्या. तिथेच, त्यांच्या जेवणाच्या टेबलावर, माझा नवा प्रबंध लिहून झाला. आज माझे विद्यार्थी निकाल घेऊन आले की मी आधी विचारते, नातेवाईक तपासले का?

अक्कांची साठी होते आहे. मान्यांच्या घरातल्या बायका नव्वदी सहज ओलांडतात. ते जनुकांमुळे की त्या सारामुळे, हे अक्कांनी अजून तपासलेले नाही. तपासायला त्यांना निरोगी, भरपूर वर्षे लाभोत. तुलनेसाठी त्या घरचे सार पोटभर खाल्लेले, पण रक्ताचे नाते नसलेले कोणीतरी लागेलच. मी आहे.