मामांच्या मोटारीचा रुमालाखाली झालेला सौदा

अर्जदार: मी स्वतः. वय चोपन्न, शिक्षण आठवी, व्यवसाय अर्जलेखन, बैठक शिरूर तहसील कचेरीच्या फाटकाबाहेर.

सामनेवाला: माझा जुना मित्र, मूळ राहणार दौंड. पूर्वी बैलबाजारातला दलाल, हल्ली जुन्या जीपगाड्या व ट्रॅक्टर यांची खरेदी-विक्री करणारा.

वादाचा विषय: परदेशी बनावटीची, दोनच माणसे बसतील अशी, वरून उघडी, बाटलीसारख्या हिरव्या रंगाची एक जुनी मोटार.

घटनेची तारीख: गेल्या दिवाळीनंतरचा पहिला रविवार, सकाळची वेळ.

साक्षीदार: एक, माझे सख्खे मामा, राहणार वरवंड, मोटारीचे मालक. दोन, पुण्याचे खरेदीदार. तिसरा साक्षीदार नाही.

नावे मी कोणाचीच घालणार नाही. बिननावाच्या अर्जाला कचेरीत कोणी विचारत नाही, हे मी माझ्याकडे येणाऱ्यांना रोज बजावतो. परंतु हा मजकूर कचेरीसाठी नाही. तालुक्यातील निम्म्या बांधांची भांडणे माझ्या लेखणीखालून गेली आहेत, त्यामुळे स्वतःची तक्रार कशी मांडावी हे मला कोणी शिकवण्याची गरज नाही. एवढेच की दुसऱ्याची मांडताना हात थांबत नाही, ही मांडताना तीनदा थांबला.

मामा तरुणपणी दौंडला रेल्वेच्या एका साहेबाकडे होते. सरकारी गाडी मामा चालवीत, परंतु ही छोटी मोटार साहेब स्वतः चालवी. तारांची चाके, लांब नाक, दार कमरेइतके. रविवारी साहेब मामांना शेजारी बसवून केडगावपर्यंत चक्कर मारी. साहेब देश सोडून गेला तेव्हा मोटार व तिचे नोंदणीचे पुस्तक मामांच्या हवाली करून गेला, आणि तसे स्वतःच्या हाताने लिहूनही दिले. मामांनी ती काही वर्षे चालवली. पुढे सुटे भाग मिळेनात. मग त्यांनी ती वरवंडला आणून पत्र्याच्या शेडमध्ये लाकडी ठोकळ्यांवर उभी केली, म्हणजे चाकांवर भार येऊ नये. दर अमावास्येला हँडल मारून इंजिन फिरवीत. सगळे गाव हसे. भंगारवाले येत, किलोचा दर सांगत, आणि मामांच्या शिव्या खाऊन जात. एकदा रंगारी फुकटात रंग मारून देतो म्हणाला, तर मामा म्हणाले, "साहेबाच्या येळचा रंग हाय त्यो. त्याला बोट लावायचं न्हाई."

मी आठवीपर्यंत शिकलो ते मामांच्या घरी राहून. कचेरीबाहेर बसण्यासाठी पहिले टेबल त्यांनीच करून दिले. म्हणून गेल्या वर्षी त्यांनी मला बोलावून घेतले तेव्हा मी हातातले काम टाकून गेलो.

"मला आता दिसत न्हाई," मामा म्हणाले. "हँडल बी मारवत न्हाई. चालवंल असा मानूस बघ. आन् किंमत बरूबर झाली पायजे. पैका खायाला न्हाई म्हनत मी. चाळीस वरीस लोकं मला येडा म्हनली. येडा व्हतो का न्हाई, त्ये तरी कळंल."

हे वाक्य वाचकांनी ध्यानात ठेवावे. मामांना रक्कम नको होती, निकाल हवा होता.

मला मोटारीतले काही समजत नाही, आणि न समजणाऱ्या गोष्टीत मी बोलत नाही. मी मित्राला गाठले. कचेरीबाहेर आम्ही वर्षानुवर्षे एका कपातला चहा अर्धा-अर्धा केला आहे. त्याच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका मी लिहिली, माझ्या दुखण्यात त्याने मला रात्रंदिवस सांभाळले. तो वरवंडला आला, मोटारीभोवती फिरला, खाली वाकला, झाकण उघडून टॉर्चने आत पाहिले आणि नाक मुरडले.

"मामा, बैलाचं आन् गाडीचं एकच," तो म्हणाला. "दात झिजले की भाव गेला. रंग उडालाय, गादी मूळचीच हाय, इंजिन बी कवा बदललं न्हाई. भंगारात चाळीस हजार येत्याल. पर मी गिऱ्हाईक बघतो."

आम्हां सर्वांना ते पटले. आमच्याकडे वस्तूचा भाव वयाने उतरतो. बैल असो, ट्रॅक्टर असो, नवे ते महाग. दुसरा हिशेब कोणी पाहिलाच नव्हता.

गिऱ्हाईक आले ते पुण्याचे, चाळिशीचे, बोलायला नम्र. मोटार पाहताना त्यांनी चपला काढल्या, हे मला विचित्र वाटले होते. सौदा मित्राने बैलबाजाराच्या रीतीने केला. ज्यांना रीत माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. दलाल खांद्यावरचा रुमाल पुढे धरतो, त्याखाली खरेदीदाराचा हात हातात घेतो आणि बोटे दाबून आकडा सांगतो. हजार की लाख, एवढेच तोंडाने बोलायचे. नंतर त्याच रुमालाखाली मालकाचा हात धरून तोच आकडा त्याला कळवायचा. आकडा कोणी मोठ्याने उच्चारला तर सौदा नासला असे धरतात.

पुण्याच्या गृहस्थांना गंमत वाटली. ते मामांकडे वळून काही आकडा बोलू लागले, तेव्हा मीच हात वर करून त्यांना थांबवले. म्हणालो, "साहेब, आमच्या भागातली पद्धत आहे. तोंडाने बोलू नये." मला त्या पद्धतीचा अभिमान होता. आजही आहे, आणि हीच माझी अडचण आहे.

त्यांच्याबरोबर रुमाल बराच वेळ हलत राहिला. मला वाटले, मित्र आमच्यासाठी ताणतो आहे. मग तो मामांकडे आला. "लाख," म्हणाला आणि बोटे दाबली. मामांचे तोंड उजळले. त्यांनी मान डोलावली.

कागद मी लिहिला. रक्कम मित्राने कानात सांगितली: तीन लाख. खरेदीदारांनी वाचून सही केली, मामांनी अंगठ्याऐवजी आग्रहाने सही केली. पैसे मित्राच्या खात्यात आले आणि त्याने ते रोखीने मामांच्या हाती दिले. मामा दलाली देऊ लागले तर म्हणाला, "मामाकडनं दलाली घिऊ व्हय? वर तोंड दाखवायचंय मला." मामींनी त्याला दोन वेळा वाढले. मोटार ट्रकवर चढली तेव्हा मामा रस्त्यापर्यंत गेले. परत येताना मला म्हणाले, "भंगाराच्या सात-आठ पट आली. म्हंजी येडा न्हवतो."

होळीच्या सुमारास पुण्याचे गृहस्थ माझ्या टेबलाशी आले. मी त्यांना खुर्ची दिली.

"काका, विमा काढायचाय," ते म्हणाले. "अशा गाड्यांना आधी किंमत ठरवून विमा देतात. कागदावर तीन लाख आहेत, ते तीनच धरतात. खऱ्या रकमेचं एक प्रतिज्ञापत्र तयार करून द्या."

"खरी रक्कम तीनच आहे," मी म्हणालो.

ते हसले. "ते करापुरतं. तुम्ही तिघांनी मिळून ठरवलं होतं ना? तुमच्या मित्रांनीच मला सांगितलं, लिहिणारा आपलाच आहे, कागदावर कमी दाखवू. मी अठरा दिले."

मी लेखणी खाली ठेवली. गृहस्थ सरळ होते, त्यांना वाटले मला आठवत नाही, म्हणून त्यांनी समजावून सांगितले. या बनावटीच्या सुरुवातीच्या काळातल्या मोटारी देशात मोजक्याच उरल्या आहेत, आणि बाहेरून आणणे अवघड. त्यातल्या बहुतेकांना कोणी ना कोणी नवा रंग फासला आहे, दुसऱ्याच गाडीचे इंजिन बसवले आहे. तशी गाडी सहा-सात लाखांनाही जड जाते. मामांच्या मोटारीवर कारखान्यातला रंग जसाच्या तसा, इंजिनावरचा आकडा पुस्तकातल्या आकड्याशी जुळणारा, गादीचे चामडे पहिले, आणि पहिल्या मालकाच्या हातचे पत्र. "उडालेला असला तरी तो रंग मूळचा आहे, काका. मी पैसे त्या रंगाचे दिले. तुमच्या मित्रांना हे सगळं ठाऊक होतं. त्यांनी बावीसपासून सुरुवात केली होती."

म्हणजे ज्या ज्या गोष्टीला माझ्या मित्राने मामांसमोर नाक मुरडले, त्या त्या गोष्टीचा भाव त्याने रुमालाखाली वसूल केला.

त्याच दुपारी मी त्याच्या गाड्यांच्या आवारात गेलो. तो जीपच्या सावलीत बाजेवर पडला होता.

"ये वकील," तो म्हणाला. मला तो चेष्टेने वकील म्हणतो.

"अठरा लाख," मी म्हणालो.

तो उठून बसला नाही. "तीन बी कोन देत व्हतं तुझ्या मामाला? गिऱ्हाईक कुनी हुडाकलं? मामा खूश व्हता का न्हवता?"

"मामांनी किंमत विचारली होती."

"किंमत म्हंजी घेनारा दील ती आन् इकनारा मानंल ती. दोगांनी मानली. मधलं माझं. बाजारात असंच चालतं, तुला बैल तरी कळतो का?" मग जरा थांबून म्हणाला, "तुझा वाटा मी ठिवलाय. मागितला न्हाईस, म्हनून दिला न्हाई."

"मी मागणार नाही हे तुला माहीत होतं, म्हणून ठेवलास."

"मग नगं तर नगं. चहा घ्येनार का?"

मी चहा घेतला नाही. आमच्या ओळखीत असे प्रथमच घडले.

संध्याकाळी मी वरवंडला पोहोचण्याआधी बातमी पोहोचली होती. पुण्याचे गृहस्थ परतताना वाट वाकडी करून मामांना मोटारीचा फोटो देण्यासाठी थांबले होते आणि बोलता बोलता आकडा निघाला होता. मामा ओट्यावर बसले होते. पायाच्या आवाजावरून त्यांनी मला ओळखले.

"कागद तूच लिवला न्हवं?"

"होय मामा. परंतु मला त्याने..."

"मानूस आकडा बोलाया लागला तवा त्याला गप तूच केलं न्हवं?"

"होय, पण ती रीत..."

"वाटा किती आला?"

मी सांगू लागलो. मामांनी ते पुरे होऊ दिले नाही. मामी आत भांडी घासत होत्या, त्या थांबल्या. मामा म्हणाले, "पैशाचं ऱ्हाऊ दे. मला वाटलं व्हतं, मी बरूबर व्हतो ह्ये तू येऊन सांगशील. ते परक्या मानसानं सांगितलं." आणि हात लांब करून त्यांनी दाराची चौकट चाचपली व आत गेले. त्यानंतर मी चार वेळा गेलो. मामी पाणी देतात. मामा बाहेर येत नाहीत.

लोक विचारतात, फिर्याद का करत नाहीस. मामांनी स्वतः सही केलेला कागद आहे, मजकूर माझ्या अक्षरात आहे, आणि त्यातला प्रत्येक शब्द कायद्याने निर्दोष आहे. तो मी निर्दोष लिहिला होता.

सबब सामनेवाल्यास या मजकुराने कळवण्यात येते की, रकमेचा वाद घालावयाचा की नाही हा अधिकार सर्वस्वी मामांचा असून त्याबाबत अर्जदार काही मागत नाही. अर्जदाराची मागणी एकच आहे. सामनेवाल्याने वरवंडला समक्ष जाऊन मामांसमोर बसावे, आणि अर्जदारास खरा आकडा ठाऊक नव्हता व त्याने एक पैसाही घेतलेला नाही, एवढे स्वतःच्या तोंडाने सांगावे. याचे उत्तर लेखी असू नये. मामांना वाचता येईल इतके आता दिसत नाही. मामांचे वय व प्रकृती ध्यानात घेऊन हे काम विनाविलंब व्हावे, ही विनंती.