सांगून काढलेला फोटो

"कँडिड म्हंजे काय?" पप्पांनी विचारलं, आणि मला वाटलं, आत्ताच्या आत्ता इथून उठून जावं.

ताईचं लग्न ठरलं होतं आणि फोटोग्राफर शोधायचं काम माझ्याकडे आलं होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. त्यामुळे मोबाईलवर शोधणं, इंग्रजी वाचणं, मोठ्या दुकानात जाऊन बोलणं ही कामं माझी, असं घरात कोणी न सांगताच ठरून गेलंय. मी गंगापूर रोडवरचा एक स्टुडिओ इन्स्टाग्रामवर शोधून काढला. पप्पा म्हणाले, मीपण येतो. सातपूरला त्यांच्या कारखान्याला शनिवारची सुट्टी असते, म्हणून शनिवारी गेलो. स्कूटी मी चालवत होते.

आत थंडगार एसी होता. पप्पा सोफ्याच्या अगदी कडेला बसले, मांडीवर कापडी पिशवी घेऊन. डावा हात पिशवीखाली होता. मला फक्त पिशवी दिसत होती, किराणा दुकानाचं नाव छापलेली. ती घरी ठेवून यायला काय झालं होतं, असं माझ्या मनात येत होतं.

"म्हणजे काका, तुम्हाला कळू न देता काढलेले फोटो," फोटोग्राफर म्हणाला. तिशीचा असेल, बोलायला गोड. "तुम्ही तुमच्या नादात असता, आम्ही टिपून घेतो. नॅचरल येतात एकदम."

"कळू न देता?"

"हो ना."

"आनि बायका-पोरी असत्यात तिथं?"

फोटोग्राफर हसला. पलीकडे एक जोडपं अल्बम बघत बसलं होतं, त्यांनी मान वळवून पाहिलं. मी खाली मान घालून म्हणाले, "पप्पा, आता सगळे तसेच काढतात."

मग त्याने समोरच्या मोठ्या स्क्रीनवर फोटो दाखवले. मेंदीचे हात. हिरव्या चुड्याचे हात. हळद लागलेले हात. आणि कन्यादानाचे, वडिलांच्या ओंजळीतून मुलीच्या ओंजळीत पाणी पडताना. "हा आमचा स्पेशल शॉट," तो म्हणाला. "चेहरे नाहीत, काही नाही. फक्त हात. हातच सगळं बोलतात, काका."

पप्पा उठले. "इचार करून सांगतो."

येताना सिग्नलला थांबलो तेव्हा ते मागून म्हणाले, "एसी लय होता त्याचा." मी गाडी पुढे काढली.

संध्याकाळी चहा घेताना पप्पा आईला सहज म्हणाले, "कन्यादानाला धाकट्याला बसवू. त्याला पोरगी नाय. त्याची तेवढीच हौस होईल."

धाकटा म्हणजे माझे काका. आईने नुसता गॅस बारीक केला. ताई माझ्या दंडाला धरून मला मागच्या मोरीपाशी घेऊन गेली.

"दुकानात काय झालं?"

"मला काय विचारतेस? पप्पांनी नुसती लाज आणली. पिशवी काय, बायका-पोरी काय..."

"तुझं राहू दे. त्यांनी पाहिलं काय तिथे?"

"फोटो."

"कसले?"

"हातांचे," मी म्हणाले, आणि मग मला कळलं.

"शाब्बास," ताई म्हणाली. "आणि हिला कॉलेजात घातलीय."

पप्पांच्या डाव्या हाताला तीन बोटं नाहीत. अंगठा आणि करंगळी आहे, मधली प्रेस मशीनमध्ये गेली. मी तेव्हा बालवाडीत होते. आमच्या गल्लीत असे हात आणखीही आहेत, तिथे कोणी वळून बघत नाही. त्याच हाताने त्यांनी माझ्या वेण्या ओढून धरल्यात, सायकल शिकवताना सीट धरलीय. म्हणून मला तो हात दिसायचाच बंद झाला होता, असं मी स्वतःला सांगते. ते किती खरं आहे माहीत नाही. कारण त्या संध्याकाळी मी घरातले सगळे फोटो आठवले. बारशातला, गावच्या जत्रेतला, माझ्या बारावीच्या सत्कारातला. पप्पा प्रत्येकात ताठ उभे, आणि डावा हात खिशात, नाहीतर पाठीमागे, नाहीतर माझ्याच खांद्यामागे. फोटो काढणारा "रेडी" म्हणायचा, तेव्हा ते हाताची सोय करत असणार. कळू न देता काढला तर सोय कशी करणार?

मी लगेच फोटोग्राफरला मेसेज केला. सरळ लिहिता येईना. 'वडिलांच्या हाताला थोडा प्रॉब्लेम आहे' असं लिहिलं. त्याचा फोनच आला. "त्यात काय एवढं, मॅडम? एडिटिंगमध्ये बोटं लावून देऊ. आता एआय आहे. कोणाला कळणारसुद्धा नाही." मी त्याचे तीनदा आभार मानले. इतकं हलकं वाटलं, की जेवताना मी ते मोठ्या आनंदाने सांगितलं.

पप्पा भाकरी मोडत होते. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"बोटं कोनाची लावनार तो?"

ताईला ठसका लागला. आईही पदर तोंडाशी धरून हसली. पप्पा स्वतःच म्हणाले, "नाय, साहेबाची लावली तर नखं चांगली असतील." मीही हसले. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "गेली तवा मला कळलं नाय. मशीन वर गेली मंग दिसलं. लावताना तरी मला इचारायचं व्हतं."

रागावून म्हणाले असते तर बरं झालं असतं. मी ताटातलं वरण बोटाने फिरवत राहिले.

ताई म्हणाली, "पप्पा, काकांना बसवायचं असेल तर बसवा. मग मी काकांच्याच घरून निघते. वऱ्हाडाला पाणीपण तेच देतील."

"तसं नाय गं."

"मग कसं?"

पप्पांनी डावा हात ताटाशेजारी ठेवला. "पानी गळंल याच्यातून. नवऱ्याकडच्या सगळ्या लोकांसमोर."

"गळू दे," ताई म्हणाली. "खाली माझेच हात असणार ना?"

पुढच्या शनिवारी पप्पाच म्हणाले, चल. पिशवी होतीच. स्टुडिओत ते सोफ्यावर बसले नाहीत. काउंटरच्या काचेवर त्यांनी डावा हात ठेवला. फोटोग्राफरने आधी पाहिलं, मग नजर वळवली, मग पुन्हा पाहिलं.

"बाकीचे कसेपन काढा," पप्पा म्हणाले. "कन्यादानाचा मला सांगून काढायचा."

"काका, सांगून काढला तर तो कँडिड राहत नाही."

"नाय राहिला तर नाय राहिला."

मी शेजारी उभी होते. तेव्हा मी म्हणायला हवं होतं, की एडिटिंगचं राहू द्या, बोटं लावू नका. पलीकडे कोणीतरी बसलं होतं. मी म्हणाले नाही.

लग्नात कन्यादानाच्या वेळी फोटोग्राफर अगदी शिकवल्यासारखा ओरडला, "काका, काढतोय!" गुरुजी मंत्र थांबवून त्याच्याकडे रागाने बघू लागले. ओझरहून आलेले नवऱ्याकडचे पाहुणे हसले. तो फोटो अल्बममध्ये आहे. आई तांब्यातून पाणी सोडतेय, ताई आणि भाऊजी खाली बघतायत, आणि पप्पा आधारकार्डाच्या फोटोला बसल्यासारखे थेट कॅमेऱ्याकडे बघतायत. ओंजळीच्या डाव्या बाजूने पाण्याची धार सुटलीय. ताईने आपली ओंजळ तिकडे सरकवलीय, तरी तिची बाही कोपरापर्यंत भिजलीय.

अल्बम येण्याआधी एक फोटो माझ्या एकटीच्या फोनवर आला होता. खाली लिहिलं होतं, 'तुम्ही सांगितल्याप्रमाणे.' त्यात पप्पांना दहा बोटं आहेत. धार नाहीशी केलीय. बाही ओलीच राहिलीय, ती पुसायचं त्याच्या लक्षात आलं नसावं. तो फोटो मी कोणाला दाखवला नाही, आणि काढूनही टाकला नाही.

परवा पप्पा स्कूटी पुसत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "त्यानं लावून बघितली व्हती का गं बोटं?"

"नाही," मी म्हणाले.

"बरं झालं," ते म्हणाले. पण ते लगेच म्हणाले नाहीत.