लिहून घेणार: वर्षाली

आमच्या चाकणच्या कंपनीत गाड्यांच्या वायरी बांधायच्या लाइनवर वर्षाली माझ्या शेजारी उभी असते. परभणीकडची, बोलायला फटकळ, कामाला वाघीण. जवळच्याच कुरुळी गावात भाड्याच्या एका खोलीत तिने संसार केला आणि यंदा तिथेच वन बीएचके पसंत केला. मला विचाराल तर घर तिनेच घेतलं. नवरा निरंजन सोबत होता, इतकंच.

बँकेतल्या मॅडमनी दोघांना समजावलं. कर्ज फिटेपर्यंत घर बँकेकडे तारण राहणार. एकट्या निरंजनच्या पगारावर एवढं कर्ज मिळत नव्हतं, म्हणून वर्षाली सहकर्जदार. हप्ते थकले तर बँक तिच्याकडेही मागणार.

"आन् घर? ते माझं बी का?" वर्षालीने विचारलं.

"करारनाम्यात खरेदीदार म्हणून नाव असेल तरच. सहकर्जदार वेगळा, मालक वेगळा."

करारनाम्याच्या मसुद्यात एकट्या निरंजनचं नाव होतं.

"अगं, घर आपलंच ना? नाव कुणाचं का असेना," तो म्हणाला. असं बोलणाऱ्या पुरुषांचा मला भयंकर राग येतो. कुणाचंही चालतं, तर बायकोचं का चालत नाही?

वर्षालीने पेन खाली ठेवलं. "अहो, फेडायला मी लागते, मग मालकीत काहून नाही? माझं नाव घाला, नाहीतर माझा पगार बी काढा कागदातून."

आठवडाभर घरात अबोला. बुकिंग रद्द होईल म्हणून बिल्डरच्या माणसाचे फोनवर फोन. वर्षाली ढिम्म हलली नाही. शेवटी निरंजननेच मसुदा बदलून आणला. माणूस वाईट नाही तो. फक्त त्याला आजवर कुणी अडवलं नव्हतं.

नोंदणी कार्यालयात मी साक्षीदार म्हणून गेले.

"लिहून घेणार कोण? या पुढे," कारकुनाने पुकारलं. खरेदीदाराला तिथे असंच म्हणतात. निरंजन सवयीने उठला, मग थबकला. "आधी ही," म्हणाला.

वर्षाली कॅमेऱ्यासमोर ताठ बसली. फोटो निघाला, पण मशीनवर अंगठा काही उमटेना. वायरी ओढून ओढून आम्हा सगळ्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्यात. तिने अंगठा ओढणीला पुसला, पुन्हा ठेवला. नाहीच. मग तिने तो असा दाबला की टेबल हललं.

"आलं!" ती ओरडली. अख्खं कार्यालय वळून बघायला लागलं. स्क्रीनवर तिचा फोटो, खाली तिचं पूर्ण नाव. मला रडूच आलं.

"झालं बाई, उठा आता," कारकून म्हणाला.

"थांबा की जरा," वर्षाली म्हणाली. "घरमालकिणीला बघू तर द्या!"