तिरकी रेघ आणि वॉचमन

निर्माल्य कसं, फेकवत नाही आणि कोनाड्यात साठत जातं. आमच्या कॉम्प्युटर क्लासमधले किस्से माझ्याकडे तसेच साठलेत. आज थोडे बाहेर काढते.

नव्याण्णव साल. नगरला सावेडीत गायकवाड सरांचा क्लास. मी पूजा आटपून जायची; शेजारच्या खुर्चीवर देवळाली प्रवऱ्याची मंगल. सुप्याच्या एका कंपनीसाठी आम्हाला हजेरी, कँटीन आणि गेटपास असे तीन प्रोग्रॅम एकाच सर्व्हरवर बसवायचे होते, प्रत्येकाचं पडद्यावर एक पान. कंपनीचे साहेब सांगून गेले होते, "कुणालाही न विचारता मला हवं ते पान सापडलं, तर काम तुमचं." काम मिळालं तर मंगलला सरांकडे पगारी जागा. नाहीतर दिवाळीला वडील तिला गावी नेणार होते, कायमची.

मी देवासमोर बोलून बसले, तिन्ही पानं उघडेपर्यंत गोड खाणार नाही.

*

प्रत्येक प्रोग्रॅमला आपापला पत्ता नेमून द्यायचा होता. आधी कंपनीचं नाव, मग तिरकी रेघ, मग कामाचं नाव. मंगलने तिघांनाही नुसती तिरकी रेघच दिली. काहीही मागा, हजेरीच यायची.

"अगं, तिघांना एकच पत्ता?" सर म्हणाले.

"कंपनी एकच हाय की, सर. गेटवर वॉचमन इचारंल ना, कुनाकडं जायचंय म्हनून."

"कॉम्प्युटरच्या गेटवर वॉचमन नसतो, मंगल."

"मंग कसली कंपनी ती?"

*

पत्त्यांची फाईल मी नव्याने लिहिली. सर्व्हर चालूच होईना. सरांनी दुपारभर वायरी तपासल्या, मग फाईल उघडली. पहिल्या ओळीत मी सवयीने 'श्री' लिहिलं होतं, इंग्रजी अक्षरांत.

"वहिनी, हा श्री नावाचा प्रोग्रॅम कुठाय?"

"सगळीकडे आहे," मी म्हणाले.

*

मग हजेरी उघडली, गेटपास उघडला. कँटीन काही उघडेना. मंगलने पेढा पुढे केला. "दोन उघडली ना काकू? अर्धा तरी खा."

"अर्धं व्रत नसतं गं."

चूक माझीच निघाली. फाईलमध्ये कँटीनचा 'सी' मी मोठा लिहिला होता. अन्नाचं खातं, लहान अक्षर बरं दिसेना.

"सर्व्हरला मान कळत नाही, वहिनी," सर म्हणाले. "अक्षर कळतं."

*

साहेब यायच्या आदल्या दिवशी मंगलने नुसतं कंपनीचं नाव टाईप करून पाहिलं. 'पान सापडत नाही' असं आलं. तिचा चेहरा उतरला. "साहेबांनी फुडचं लिवलंच न्हाई तर?"

"पत्ते कागदावर देऊ," सर म्हणाले.

"मंग ते इचारनंच झालं की."

मी म्हटलं, "तुझा वॉचमन नेमू या."

नुसतं कंपनीचं नाव लिहिलं की सर्व्हर नुसत्या तिरक्या रेघेचा पत्ता धरतो; त्या पत्त्यावर चौथा प्रोग्रॅम बसला. तो मंगलने लिहिला, अंधार पडेपर्यंत बसून.

*

साहेब आले. चष्मा लावून त्यांनी कंपनीचं नाव टाईप केलं, एंटर दाबलं आणि थांबले. पुढचं काही लिहिलंच नाही. मंगलने माझा हात घट्ट धरला.

पडद्यावर ओळ उमटली, "कुणाकडे जायचंय?" खाली तीन नावं.

साहेब खुर्चीत जरा सावरून बसले आणि कॉम्प्युटरलाच अदबीने म्हणाले, "कँटीनला."