आबांच्या मोटरचं पाणी

धुळ्याच्या हायस्कुलात मी नागरिकशास्त्र शिकवायचो, तेही गणिताच्या सरांनी तास मागून नेला नाही तर. मतदान गुप्त असतं, ते निर्भयपणे करावं, हे फळ्यावर लिहून लिहून मी कंटाळलो होतो. आधी विकास की आधी लोकशाही, यावर शहरात व्याख्यानं होत. मी मागच्या बाकावर बसून ऐकायचो आणि घरी येऊन जेवायचो. गावी गेल्यावर या विषयावर तोंड उघडत नसे.

आमचं गाव शिरपूरच्या पुढे, सातपुड्याच्या बाजूला. तिथे पंचायतीची निवडणूक कधी होऊच दिली जात नसे. अर्ज भरले जायचे, पण माघारीच्या आदल्या दिवशी मारुतीच्या देवळात बैठक बसे आणि ज्यानं माघार घ्यायची त्याच्या हाती नारळ ठेवला जाई. त्यानं तो देवापुढे फोडला की विषय मिटला. माझ्या वडिलांनी, म्हणजे नानांनी, एकदा असा नारळ फोडला होता. तेव्हा आमच्याकडे वीज नव्हती. सरपंच आबा म्हणाले होते, "गाव एक पाह्यजे, तवयच इज यी."

आणि वीज खरंच आली. उगाच खोटं कशाला बोलू? आबांनी शिरपूर-धुळ्याच्या कचेऱ्यांत चपला झिजवल्या, खांब आणले, तारा ओढवल्या. विहिरींवर मोटरी बसल्या, कोरडवाहू रानं भिजू लागली, घरोघरी पत्रे चढले. गावठाणात पुढे नळही आला. आमची वस्ती नाल्यापलीकडची. नळ नाला ओलांडून आलाच नाही. पण वस्तीला लागूनच आबांची विहीर होती. मोटर चालू असली की पाइपाचं तोंड आधी हौदात सोडलेलं असे. वस्तीच्या सगळ्या बाया तिथे पाणी भरत, माझी आईही. आबांनी कधी कुणाला नाही म्हटलं नाही.

नानांना नेमकं हेच सलत होतं. त्यांना नळ हवा होता, पंचायतीचा. ते म्हणत, पाणी कुणाच्या मर्जीवर नको. पुढच्या खेपेला आबा आमच्याच वॉर्डातून उभे राहिले. जागा एकच होती. नानांनीही अर्ज भरला. देवळात नारळ हातात आला तेव्हा त्यांनी तो न फोडता मारुतीसमोर ठेवून दिला आणि ते उठून आले. पंचायतीसाठी गावात पहिल्यांदाच मतपेटी येणार म्हणून मी रजा काढून गेलो. मला अभिमान वाटला होता, तो वाटायला नको होता असं आजही म्हणणार नाही.

मतदानाच्या दिवशी बाया ठेवणीतली लुगडी नेसून रांगेत उभ्या होत्या. निकाल लागला. नाना पडले, आबा निवडून आले, पण दोघांच्याही मतांपेक्षा बाद मतांचा ढीग मोठा होता. एकाच कागदावर दोन्ही उमेदवारांच्या चित्रांवर नीट, ठसठशीत शिक्के. मोजणाऱ्या कारकुनाला हसू आवरेना. मी नानांबरोबर घरी आलो.

आई चुलीपुढे भाकरी थापत होती. नानांनी विचारलं तेव्हा तिनं मान वर न करता सांगितलं, "मी दोन्हीस्वर मारा. तुमी घरना, आबाना मोटरनं पानी. कोनले कसाले नाराज करानं?" वस्तीतल्या बऱ्याच बायांनी तसंच केलं होतं. त्यांनी मिळून काही ठरवलं नव्हतं. घरी पाहुणे आले की दोघांना सारखं वाढायचं, तितकं ते सरळ होतं. नानांनी भाकरी मोडली आणि तशीच ताटात ठेवून दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आई हंडे घेऊन गेली, मीही बादली घेऊन सोबत होतो. मोटरीचा आवाज येत होता, पण हौद कोरडा होता. पाइपाचं तोंड कपाशीला पाणी नेणाऱ्या चारीकडे वळवलेलं होतं. आबांचा सालदार खाली बघत म्हणाला, आता असंच राहील, आबांनी सांगितलंय. आबा निवडून आले होते, पण वस्तीची बरीच मतं आपल्याला पडली नाहीत एवढंच त्यांनी धरलं; बाद कागदांवर त्यांच्याही चित्रावर शिक्का होता, पण तो कोणी मारला ते कुणालाच कळणार नव्हतं. बाया नाल्याकडे वळल्या, झरे उकरायला.

आई तशीच उभी राहिली. मग मला म्हणाली, "भाऊ, तू मास्तर शे ना? मी त्यानाबी चित्रवर शिक्का मारा व्हता. हाई त्याले कसं समजी?"

मतदान गुप्त असतं, एवढंच मला येत होतं. मी तिच्या हातातला हंडा घेतला आणि नाल्याकडे चालू लागलो.